तीन वाजताचं जेवण

नोराला जाऊन महिना झाला होता, पण तिच्या स्वयंपाकघराला ते अजून कुणी सांगितलं नसावं. सप्टेंबरातल्या त्या रविवारी सकाळी साडेसहाला मुक्तानं सासू-सासऱ्यांच्या घराचं मागचं दार उघडलं, तेव्हा चहाचा डबा किटलीच्या उजव्या अंगाला होता, एप्रन दाराच्या खिळ्याला होता आणि खिडकीत सासूबाईंचा, नोराचा, चष्मा होता, काड्या उघड्या ठेवलेला. बाहेर आयर्लंडमधलं कासलबार गाव धुक्यात बुडालं होतं. तळ्याकाठची घरं दिसत नव्हती, नुसते त्यांचे दिवे दिसत होते. मुक्तानं खाटकाकडचं पुडकं ओट्यावर ठेवलं. तिच्यामागून तिची आई, पुण्याहून आलेली माधवी, आपला कुकर पिशवीत घालून आत आली.

"दिवा लावू का गं?"

"राहू दे आई. उजाडतंय."

उजाडण्याचं काही खरं नव्हतं. दिवा लावला असता तर नोरा नाही हे लख्ख दिसलं असतं, म्हणून लावायचा नव्हता. माधवीला ते कळलं आणि तिनं अंधारातच पदर खोचला.

इथे माणूस गेल्याला महिना झाला की चर्चमध्ये त्याच्या नावानं मास, म्हणजे प्रार्थना, होते आणि मग घरची मंडळी एकत्र जेवतात. मुक्ताचे बाबा पद्माकर यांनी काल ऐकल्याबरोबर निकाल दिला होता, "म्हणजे आपलं मासिक श्राद्धच की. गेलेल्या माणसाच्या हातचं जे आवडायचं ते करायचं." आणि नोराच्या हातचं म्हणजे रविवारचं बीफ, ग्रेव्हीतलं, मंद आचेवर आठ तास ठेवलेलं, दुपारी तीनच्या ठोक्याला वाढलेलं. पन्नास वर्षांत त्या तीनचे सव्वातीन झाले नव्हते.

गेल्या महिन्याभरात मार्टिन, म्हणजे मुक्ताचे सासरे, चहा आणि टोस्टवर जगत होते. मुक्ता रोज ताट घेऊन यायची. दोन घास खाऊन ते ताट बाजूला सारायचे, अगदी प्रेमानं, थँक यू म्हणून. कपडे लोंबायला लागले होते. शेवटी लांबच्या कॉर्क शहराहून त्यांची मुलगी उना आली आणि काल रात्री तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. रविवारच्या जेवणाला डॅडी नीट जेवले तर ठीक, नाहीतर सोमवारी ते माझ्याबरोबर कॉर्कला येणार आणि या घराला कुलूप लागणार. तिनं त्यांची बॅगही भरून ठेवली होती. डेक्लन, मुक्ताचा नवरा, बहिणीपुढे कधी बोललेला नाही, तो कालही बोलला नाही. मार्टिन खिडकीबाहेर बघत होते. कॉर्कला त्यांचं काहीच नव्हतं. इथे नोराची कबर चालत दहा मिनिटांवर होती आणि ते दिवसातून दोनदा जायचे.

"डिनर मी करीन," मुक्ता म्हणाली होती. तिनं आयुष्यात कधी बीफ खाल्लं नव्हतं. तेरा वर्षं या टेबलावर तिच्या ताटात बटाटे, गाजरं आणि चीज असायचं, आणि का म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

आता ती ओट्यापाशी नोराच्या अक्षरातला कागद घेऊन उभी होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेलं होतं. मांसाच्या सगळ्या बाजू तव्यावर तांबूस करून घे. कांदे चार, गाजरं, तमालपत्र, काळ्या बिअरचा एक ग्लास. लो वर ठेव. झाकण उघडू नको. आणि शेवटी, मीठ चवीनं.

"चवीनं," मुक्ता म्हणाली. "आई, मी कशी चव बघू? उनाला उठवू?"

माधवी सिंकपाशी ओट्याकडे पाठ करून गाजरं सोलत होती. तिला या सगळ्याचा त्रास होत होता आणि ती तो लपवतही नव्हती. नाकाला पदर मात्र लावला नव्हता. "नैवेद्याचा स्वयंपाक आपण कधी चाखतो का?" ती म्हणाली. "पुरणापासून कटापर्यंत सगळं न चाखता होतं ना? मग. पाणी किती घातलंस?"

"हा मग आणि अर्धा."

"उकळू दे. मला भांड्यात बघायला लावू नकोस, मी इथूनच सांगते." आणि डोळे मिटून ती उभी राहिली. बाहेर धुकं किंचित पिवळं झालं होतं. कांद्याचा वास आला, तमालपत्राचा आला, मग त्या दोघांखालून तिला अनोळखी असा एक जड वास आला. ती हलली नाही. "मीठ कमी आहे. मीठ पोचलं की वास गोल होतो, हा अजून टोकेरी आहे. अर्धा चमचा घाल. बास. आता हात आवर."

मुक्तानं हात आवरला. कमीच बरं, तिला वाटलं. मार्टिनना रक्तदाब आहे. रविवारी ते घास घ्यायच्या आधीच मिठाच्या निळ्या भांड्याकडे हात न्यायचे आणि नोरा दुसरीकडे बघत, दुसऱ्याशीच बोलत, ते भांडं उचलून लांब ठेवायची. दोघांपैकी कुणीच एक शब्दही बोलायचं नाही. लग्न होऊन मुक्ता या घरात आली तेव्हापासून दर रविवारी तिनं हे पाहिलं होतं. तिनं सगळं कोपऱ्यातल्या स्लो कुकरमध्ये, नोराच्या विजेवर मंद शिजवायच्या भांड्यात, ओतलं, झाकण ठेवलं, बटण दाबलं. छोटा तांबडा दिवा लागला.

माधवी वरणासाठी पातेलं शोधायला लागली. इथल्या ओट्याखालच्या कपाटाला सगळे प्रेस म्हणतात; मुक्ताची लेक स्वराली तर पुण्यातल्या कपाटालाही प्रेसच म्हणते. त्या प्रेसच्या अगदी आत माधवीच्या हाताला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. एक पातेलं, एक सुरी, एक चिरायचा पाट. तिन्हींना हिरव्या लोकरीचा दोरा बांधलेला. बारा वर्षांपूर्वी माधवी पहिल्यांदा आली तेव्हा नोरानं ही भांडी वेगळी काढली होती. यात मांस जाणार नाही, तुमच्यासाठीच. ती हे बोलली एकदाच, आणि पाळलं बारा वर्षं. वर्तमानपत्र यंदाच्याच जुलैचं होतं.

"मुक्ता," माधवी म्हणाली. "यांनी आजारपणातसुद्धा हे पुन्हा नवीन कागदात बांधून ठेवलंय."

मुक्ता एप्रनला तोंड पुसत होती.

*

उनाला वासानं जाग आली. वरच्या खोलीत, लहानपणच्याच पलंगावर, ती डोळे मिटून पडून राहिली. वास जिन्यानं चढत होता, दाराखालून येत होता, आणि अर्धवट झोपेत ती कधी नऊ वर्षांची होत होती, कधी सत्तेचाळीस. या वासाबरोबर अजून काहीतरी यायला हवं होतं. ती वाट बघत राहिली. मग लक्षात आलं की ती शीळ ऐकू येण्याची वाट बघतेय.

नोरा स्वयंपाक करताना शीळ घालायची. तिची आई तिला ओरडायची, बाईमाणसानं शीळ घातलेली घराला चांगली नसते म्हणून, आणि नोरा हो म्हणून पुन्हा घालायची. ऐकायला मार्टिन मुद्दाम स्वयंपाकघरात येऊन बसायचे. महिना झाला, ते त्या दाराच्या आत गेले नव्हते. पुढच्या खोलीतून जिना, जिन्यावरून बिछाना. चहासुद्धा कुणीतरी आणून द्यावा लागायचा.

उना खाली आली तेव्हा मुक्ता बटाटे मोजत होती.

"वास बरोबर आलाय," उना म्हणाली. "मला वाटलं नव्हतं."

"मलाही नाही."

"जेवण फसलं तर म्हणून सांगून ठेवलेलं हॉटेलचं टेबल मी रद्द केलेलं नाही. तीनलाच आहे. राग मानू नकोस."

"मानणार," मुक्ता म्हणाली. "पण चहा देते."

उना हसली. ती वाईट नव्हती, नुसती घाबरलेली होती. घाबरलं की तिला बॅगा भरायची सवय होती. "त्यांचा हात बघितलास का?" ती हळू आवाजात म्हणाली. "घड्याळ कोपरापर्यंत वर जातंय. आईला गमावलं, आता त्यांना असं बसल्या बसल्या संपताना मी बघणार नाही. तू रागाव, डेक्लन रागावू दे. मला चालेल."

"ते कॉर्कला जगतील असं वाटतं तुला?"

"इथे तरी जगतायत का?"

दोघींनी स्लो कुकरकडे पाहिलं. काचेच्या झाकणाला आतून वाफ धरली होती आणि एकेक थेंब सावकाश खाली उतरत होता. मग उनानं दुसरी सुरी घेतली आणि बटाटे सोलायला बसली.

*

साडेअकराला सगळे गाड्यांत बसले आणि नेहमीप्रमाणे पद्माकर मागे राहिले.

पद्माकरांनी वीज मंडळात चौतीस वर्षं काढली होती. घर सोडताना प्रत्येक बटण बंद केल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. पुण्यात फ्रिज सोडून सगळं बंद व्हायचं. एकदा लग्नाला जाताना त्यांनी फ्रिजही बंद केला होता आणि माधवी ते अजून विसरलेली नाही. आयर्लंडमध्ये प्रत्येक सॉकेटला आपलं स्वतंत्र बटण असतं, आणि या देशाविषयी त्यांना मनापासून आदर वाटायचं ते मुख्य कारण होतं.

ते पुढच्या खोलीपासून सुरू झाले. टीव्ही, दिवा, चार्जर. स्वयंपाकघरात टोस्टर, किटली. कोपऱ्यात एक तांबडा दिवा दिसला. कुणीतरी विसरलंय, ते मनाशी म्हणाले, आणि बटण वर केलं. दिवा गेला. मागचं दार लावून, कडी दोनदा ओढून ते गाडीत येऊन बसले.

"झालं का इन्स्पेक्शन?" माधवीनं विचारलं.

"ऑल ग्रँड," पद्माकर म्हणाले. ग्रँड, म्हणजे छान, हा शब्द त्यांनी इथे येऊन उचलला होता आणि आता ते तो भाजीलासुद्धा लावत.

चर्चमध्ये ते माधवीच्या शेजारी, मागून तिसऱ्या बाकावर बसले. रंगीत काचांतून आलेला उजेड फरशीवर पडला होता, निळा, मग तांबडा, आणि ढग सरकले की तो विझायचा आणि पुन्हा लागायचा. प्रीस्टनी नोराचं नाव घेतलं. मार्टिन पहिल्या बाकावर होते. कोट खांद्यांवरून उतरत होता आणि मान मात्र ताठ होती. पद्माकरांना ते बघून गलबलून आलं. हा माणूस त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठा होता. त्यांनी न बघताच माधवीच्या हातावर हात ठेवला. माधवीनं तो काढला नाही, चारचौघांत असूनही.

नंतर सगळे कबरीपाशी गेले. धुकं वर गेलं होतं, पण पुरतं गेलं नव्हतं. गवत ओलं होतं. मार्टिन बराच वेळ उभे राहिले आणि कुणीही घड्याळ पाहिलं नाही.

*

दीड वाजता मुक्तानं मागचं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. वास थांबला होता. होता, पण सकाळचाच होता, पुढे गेलेला नव्हता. ती कोपऱ्यात गेली. दिवा नव्हता. तिनं नोराचं ऐकलं नाही आणि झाकण उघडलं. वर तुपकट साय धरली होती. तिनं काटा टोचला. तो अर्ध्यात अडकला.

"हे कुणी बंद केलं?"

डेक्लन म्हणाला फ्यूज उडाला असेल. स्वराली म्हणाली, "नो, मॉम, द स्विच इज ऑफ." आणि मग तिनं आजोबांकडे पाहिलं. तिला आजोबांची सवय माहीत होती.

पद्माकर दारात होते, एक बूट काढलेला, एक पायात. त्यांनी सोळा माणसांच्या कार्यालयात कधी खोटं सांगितलं नव्हतं, इथेही सांगितलं नाही. "मी केलं," ते म्हणाले. "तांबडा दिवा दिसला. मला वाटलं कुणीतरी विसरलं."

"बाबा." मुक्ताचा आवाज अगदी साधा होता, त्यानंच तो लागला. "चौतीस वर्षं तुम्ही गावाला वीज दिलीत. आज मला एका सॉकेटची ठेवता नाही आली?"

पद्माकर दुसरा बूट काढायचं विसरले. मुक्ता खुर्चीत बसली आणि रडायला लागली, आवाज न करता, हातातला काटा तसाच धरून. उनानं काट्यानं मांस स्वतः टोचून पाहिलं. मग तिनं फोन काढला.

"मी हॉटेलला सांगते सातजण म्हणून."

"साडेचार तास दे," मुक्ता म्हणाली. "उशिरा जेवू."

"मुक्ता, ते सहापर्यंत बसणार नाहीत. साडेचारला बिछान्यात जातात ते. आणि तीनचे सहा झालेले त्यांना..." तिला पुढचं बोलता आलं नाही. पुढच्या खोलीत मार्टिन कोटासकट खुर्चीत बसले होते. इकडे काय चाललंय हे त्यांनी विचारलंही नव्हतं.

माधवीला इंग्रजी बेताचं कळायचं, पण हॉटेल कळलं. तिनं टेबलावरची आपली पिशवी उघडली. साडेपाच लिटरचा कुकर होता, बावीस वर्षांचा. मुलीच्या घरी चिकन शिजतं म्हणून दर खेपेला ती तो पुण्याहून घेऊन यायची आणि परत न्यायची. विमानतळावर दोनदा तो उघडून दाखवावा लागला होता. त्यात वरण, भात, कधी बटाटे, याशिवाय काही गेलं नव्हतं. तिनं आतले डबे काढले. भिजवलेली तुरीची डाळ नोराच्या हिरव्या दोऱ्याच्या पातेल्यात ओतली. मग रिकामा कुकर उचलून उनासमोर ठेवला.

"यात घाल," ती मराठीतच म्हणाली.

"आई," मुक्ता उठली. "हा तुझा आहे."

"दिसतंय मला."

"परत वापरणार नाहीस तू."

"नाही वापरणार. हा आता या घरचा." माधवीला वाईट वाटत होतं. वाटायचंच, बावीस वर्षांचा हात बसलेला होता. पण तिच्या डोळ्यांसमोर ते जुलैचं वर्तमानपत्र होतं आणि आजारी हातांनी बांधलेली ती लोकर होती, आणि त्यापुढे कुकर काही मोठा नव्हता. "बघत काय उभी राहिलीस? हिला सांग तुकडे कर म्हणून. माझ्याच्यानं ते होणार नाही."

मुक्तानं सांगितलं. उना कुकर फिरवून बघत होती. तिनं झाकण उलटं केलं, रबराच्या रिंगवरून बोट फिरवलं, शिट्टी हातात घेऊन वजन पाहिलं. कॉर्कला ती औषधांच्या कारखान्यात होती आणि दिवसभर वाफेच्या दाबाखाली बाटल्या निर्जंतुक करायचं तिचं काम होतं.

"किती दाब?" तिनं विचारलं.

पद्माकरांच्या चेहऱ्यावर इतक्या वेळात पहिल्यांदा रंग आला. "पंधरा पीएसआय. साधारण."

"म्हणजे एकशे एकवीस डिग्री."

"बरोबर एकशे एकवीस."

"हे माझं मशीनच आहे," उना म्हणाली. तिनं फोन खिशात टाकला आणि बाह्या वर केल्या. "मग होईल. चार तास झालेलेच आहेत. प्रेशर आल्यावर चाळीस मिनिटं."

"ती म्हणतेय चाळीस मिनिटं," मुक्तानं सांगितलं.

"मिनिटांत नाही, शिट्ट्यांत सांग," माधवी म्हणाली. "डाळीला तीन, राजम्याला सात. याला किती?"

याचं उत्तर त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. माधवीच्या पुण्यातल्या स्वयंपाकघरातून हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसेल. अखेर पद्माकरांनी बूट काढला, टेबलाशी बसून गॅसची आच आणि मधला वेळ धरून हिशोब केला आणि म्हणाले, "दहा." माधवी म्हणाली बारा. उना पद्माकरांच्या बाजूनं होती. मुक्ता आईच्या बाजूनं गेली, ते रागापोटी. अकरा ठरल्या.

*

पहिली शिट्टी दोन वाजून दहा मिनिटांनी झाली.

पुढच्या खोलीत मार्टिन डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. महिनाभर ते असेच, झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्यातरी ओसरीवर बसून होते. आज तिथे तो वासही आला होता. आणि आता शीळ. लांब, वर चढत जाणारी, आणि मग अचानक तोडलेली. त्यांना वाटलं, सूर चुकला. मग वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. ते बसून राहिले. दुसरी झाली.

माधवी गॅससमोर एकटी होती. मुक्ता आणि उना पुढे टेबल मांडत होत्या. पावलांचा आवाज आला नव्हता, त्यामुळे मागे वळून पाहिलं तेव्हा ती दचकली. मार्टिन स्वयंपाकघराच्या दारात होते, नुसत्या मोज्यांवर. कोट अजून अंगात होता.

"शीळ कोण घालतंय?" त्यांनी विचारलं.

माधवीनं कुकरकडे बोट दाखवलं. "धिस. कुकर." मग तिला शब्द सापडेनात. नोराच्या शिळेचं मुक्तानं तिला सांगितलं होतं. "सॉरी. मेनी टाइम्स. इलेव्हन."

"इलेव्हन," मार्टिन म्हणाले.

ते उंबऱ्यापाशी थांबले. तिथून आत यायला त्यांना किती वेळ लागला ते माधवीनं मोजलं नाही. ती मुद्दामच पातेल्यातलं वरण ढवळत राहिली, बघू नये म्हणून. तिसरी शिट्टी झाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खिडकीजवळची होती, चष्म्याशेजारची.

"थ्री," मागून आवाज आला.

"तीन," माधवी म्हणाली.

खिडकीची काच वाफेनं धूसर झाली, बाहेरचा डोंगर गेला, कुंपण गेलं, आणि उरलं फक्त ते स्वयंपाकघर, पांढऱ्या उजेडात तरंगत असल्यासारखं. मार्टिननी कोट काढून मांडीवर घेतला. चौथी. पाचवी. मुक्ता काटे न्यायला आली, दारातच थांबली आणि पाऊल न वाजवता परत गेली. तिनं पुढच्या खोलीत उनाचा दंड धरला. दोघी भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. आतून एक म्हातारा आवाज इंग्रजीत आणि एक बाई मराठीत, एकच आकडा, एकामागून एक म्हणत होते.

"इलेव्हन."

"अकरा," माधवी म्हणाली आणि गॅस बंद केला.

*

तीनला टेबल लागलं. नोराची खुर्ची रिकामीच ठेवली होती. मांस चमच्यानं तुटत होतं, निदान उनानं तसं सांगितलं. स्लो कुकरमधल्या रसाची ग्रेव्हीही तिनंच दाट केली होती. माधवीला बसायला सांगितलं तर ती ऐकेना. घरचं माणूस पाहुण्यासारखं बसत नाही म्हणाली आणि वरणाचं पातेलं घेऊन पद्माकरांच्या मागे उभी राहिली. पद्माकर मार्टिनच्या शेजारी होते. अपराध्याचा चेहरा त्यांनी अजून उतरवला नव्हता.

मार्टिनसमोर ताट आलं. सगळे दुसरीकडे बघायला लागले आणि सगळे बघत होते. डेक्लन पाणी ओतत होता, आणि ग्लास भरूनही ओततच राहिला.

मार्टिन ताटाकडे बघत राहिले. मग त्यांचा उजवा हात उठला, घासाकडे नाही, ताटापलीकडच्या मिठाच्या निळ्या भांड्याकडे. त्यांनाही ते कळलं नसावं.

माधवी त्या वेळी पद्माकरांच्या भातावर वरण घालत होती. पद्माकरांना रक्तदाब होऊन सोळा वर्षं झाली होती, आणि जेवताना मिठाकडे गेलेला पुरुषाचा हात तिला पाठमोरीही दिसायचा. तिनं डाव्या हातानं ते भांडं उचललं, ग्रेव्हीच्या पलीकडे लांब ठेवलं आणि नवऱ्याला विचारलं, "अजून घालू का वरण?"

उनानं काटा खाली ठेवला. मुक्ताचा हात तोंडावर गेला. माधवीनं वर पाहिलं, मग टेबलक्लॉथवर तसाच उघडा राहिलेला मार्टिनचा हात पाहिला, आणि आपण कुणाच्या हाताखालून मीठ काढलं ते तिच्या लक्षात आलं.

"सॉरी, व्हेरी सॉरी," ती म्हणाली आणि भांडं परत आणायला वाकली.

"राहू दे," मार्टिन म्हणाले. "तिथेच असतं ते."

त्यांनी घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. घड्याळ मनगटावरून खाली घसरलं, त्यांनी ते वर सारलं आणि तिसरा घेतला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात थांबवला नाही. चौथ्या घासानंतर त्यांनी मान वर केली.

"मीठ कमी आहे," ते मुक्ताला म्हणाले.

मुक्ताचा चेहरा उतरला.

"तिचंही कमीच असायचं," मार्टिन म्हणाले आणि बटाट्यांसाठी ताट पुढे केलं.

ताट डेक्लननं वाढलं, नको इतकं. ते ताट संपायला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात पद्माकरांनी तीनदा 'ग्रँड' म्हटलं, कुणाला ते त्यांनाच माहीत. स्वराली आजीच्या बरोबरीनं वाढायला उभी राहिली होती. उनाच्या ताटातलं गार झालं. ती वडिलांकडे बघत होती.

मार्टिननी काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवली, नोरा ठेवायला लावायची तशी.

"उना, तू उद्या किती वाजता निघतेस?"

उनानं मुक्ताकडे पाहिलं. मग वडिलांकडे. "नऊला, डॅडी."

"मग ती माझी बॅग आत्ताच खाली आण," मार्टिन म्हणाले. "माझ्या सपाता त्यात आहेत. सकाळपासून पाय गार पडलेत."